काटा टाचेत नाही

“काट्याने काटा काढतात ना? मग आपण टाचेतला काटा सुईने काढू!” रोह्यात भरलेल्या एका आरोग्य शिबिरात व्यासपीठावरून हे वाक्य आलं आणि सभागृहभर टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. माझी उजवी टाच तेव्हा आठ महिने दुखत होती, आणि आठ महिने दुखणं काढलेल्या माणसाला कोटीसुद्धा औषधासारखी लागू पडते.

बाहेर चहाच्या टेबलावर पत्रक मिळालं. टाका नाही, भरती नाही, पूर्ण भूल नाही, अर्ध्या तासात आपल्या पायांनी घरी. खाली उपचारांची नावं होती: स्टिरॉइडचं इंजेक्शन, पीआरपी, शॉकवेव्ह, रेडिओफ्रिक्वेन्सी, आणि टाच अगदीच हट्टी निघाली तर दुर्बिणीतून छोटासा छेद. पत्रक घरी आणून मी दोनदा वाचलं. प्रत्येक उपचारापुढे भोक किती बारीक ते आवर्जून लिहिलं होतं. गुण किती जणांना आला, तो किती महिने टिकला, आणि काहीच टोचून न घेतलेल्यांचं तेवढ्याच काळात काय झालं, यांतलं एकही वाक्य त्यात नव्हतं. माझं भांडण सुईशी नाही, त्या न छापलेल्या वाक्यांशी आहे.

मी डॉक्टर नाही. माहेर पेणचं, सासर रोह्याचं, आणि मधली तीस वर्षं शाळेच्या फरशीवर उभं राहून विज्ञान शिकवण्यात गेली; टाचेचं दुखणं बहुधा तिथलीच कमाई. सातवीच्या मुलांना मी दरवर्षी दोन कुंड्यांचा प्रयोग करायला लावत असे. बी तेच, माती तीच, ऊन-पाणी सारखं, एका कुंडीला खत आणि दुसरीला नाही. दरवर्षी एखादा चुणचुणीत मुलगा एकच कुंडी मिरवत यायचा, “बाई, खताने बघा कसं रोप वाढलंय!” त्याला मी विचारायचे, “अरे, खत नसतं घातलं तर वाढलं नसतं का?” मुलगा डोकं खाजवायचा. शिबिराच्या व्यासपीठालाही मला एवढंच विचारायचं आहे. तिथे दोन माणसांना उठवून उभं केलं होतं, दोघांनीही सुई घेतल्यावर बरं वाटल्याचं सांगितलं. दोन्ही कुंड्या खताच्याच.

आधी त्या प्रसिद्ध काट्याचं. पडद्यावर एक्स-रे दाखवला, टाचेच्या हाडाला पुढे चोचीसारखं टोक आलेलं. बायकांच्या रांगेतून “आई गं” असा सूर निघाला. आपल्याकडे तर निदानच त्या टोकावर चालतं. “टाचेचं हाड वाढलंय” हे वाक्य पेणच्या बाजारात पापडवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत कुणीही सांगेल, आणि हाताशी एक्स-रे असला की ते आपोआप खरं ठरतं. पण ज्यांची टाच कधी दुखलीच नाही अशा माणसांचे एक्स-रे काढले, तर शंभरांत दहा-पंधरा जणांच्या हाडाला हे टोक सापडतं. टाच दुखणाऱ्यांतल्या निम्म्याच्या आसपास लोकांत ते सापडत नाही. शिवाय ते जमिनीकडे रोखलेलं नसतं. बोटांच्या दिशेने आडवं वाढतं. बाभळीचा काटा खुपावा तसं ते पावलागणिक खुपतं, हे चित्र आपण शब्दावरून बनवलं आहे. एक्स-रे त्याला आधार देत नाही.

गंमत म्हणजे, पत्रकातले उपचार या टोकाला हातही लावत नाहीत. स्टिरॉइड हाड विरघळवत नाही. पीआरपी म्हणजे आपलंच रक्त यंत्रात गरगर फिरवून त्यातला बिंबाणूंनी भरलेला भाग परत टाचेत टोचणं. त्यानेही टोक जागचं हलत नाही. शॉकवेव्हबद्दल लोक छातीठोकपणे सांगतात की तिने काटा फुटतो. हा समज कुठून आला ते कळण्यासारखं आहे. शरीराबाहेरून लहरी सोडून मुतखडा फोडायचं तंत्र १९८०मध्ये म्युनिकला माणसावर प्रथम वापरलं गेलं, टाचेवरची शॉकवेव्ह त्याच घराण्यातली. पण टाचेसाठी तिची ताकद फार कमी ठेवलेली असते आणि उपचारानंतर टोक जिथल्या तिथे असतं. दुखणं मात्र कित्येकांचं कमी होतं. म्हणजे टोक तसंच राहूनही माणूस बरा होतो. मग काढला तो कुठला काटा?

दुखतो तो तळव्यातला पट्टा, डॉक्टर ज्याला प्लांटर फॅशिआ म्हणतात. टाचेच्या हाडाच्या आतल्या बाजूला एक टोक, बोटांच्या मुळांशी दुसरं. हिक्स नावाच्या संशोधकाने १९५४मध्ये त्याचं काम मांडलं. ते समजायला आमच्या पेणच्या घरामागची विहीर पुरे. रहाटावर दोर गुंडाळला की बादली वर येते. चालताना टाच उचलली, अंगठा मागे वळला की हा पट्टा अंगठ्याच्या मुळाशी तसाच गुंडाळला जातो, टाच आणि बोटं जवळ ओढली जातात आणि तळव्याची कमान उचलली जाऊन पाऊल घट्ट होतं. प्रत्येक पावलाला हा रहाट फिरतो. रात्रभर पाय सैल पडलेला असतो, पट्टा आखडून बसलेला असतो, आणि सकाळी पलंगावरून उतरून टाच टेकली की देव आठवतात. दहा पावलं चाललं की जरा सुटतं. संध्याकाळी पुन्हा ठणका.

या दुखण्याच्या इंग्रजी नावातच ‘दाह’ आहे. पण २००३मध्ये अमेरिकेत लेमाँट आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले पन्नास नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर दाहाच्या पेशी नव्हत्या; होती ती झीज, तंतू विस्कटलेले. हे म्हटलं तर छोटंसं निरीक्षण. पण दाह विझवायचं औषध म्हणूनच तर स्टिरॉइड टाचेत जातं! आगच नसलेल्या घरात बंब पाठवल्यासारखं हे झालं. बंबाच्या पाण्याने घर थंड होतं, यात वाद नाही.

त्या थंडाव्याचा हिशेब मांडलेला आहे. २०१२मध्ये ऑस्ट्रेलियात ब्याऐंशी रुग्णांवर झालेली चाचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. निम्म्यांना सोनोग्राफीत बघून स्टिरॉइड टोचलं, निम्म्यांना तसंच बघून नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चार आठवड्यांनी स्टिरॉइडवाल्यांचं दुखणं कमी होतं. आठ आठवड्यांनी फरक पुसला गेला, बारा आठवड्यांनीही नव्हता. २०१७मध्ये कॉक्रेनने जगभरच्या अशा चाचण्या एकत्र तपासून तेच म्हटलं: महिनाभर थोडा आराम, पुढे नाही, आणि पुरावाही फारसा भक्कम नाही. शिबिरातल्या पत्रकात ‘कायमची सुटका’ असे शब्द होते.

“पण ताई, बारीक सुई! नुकसान काय?” हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा ऐकावा लागला, म्हणून इथे जरा थांबते. भोकाच्या आकारावरून उपचाराचा आकार मोजणं ही या सगळ्या बोलण्यातली मूळची गफलत आहे. सुई बारीक असते, सुईतून गेलेलं औषध बारीक नसतं. टाचेखाली चरबीची एक उशी असते, निसर्गाने दिलेली गादी; स्टिरॉइड तिच्यात उतरलं तर ती विरू शकते, आणि विरलेली गादी कुठल्या दुकानात मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे पट्टा तुटणं. १९९८मध्ये दोन अमेरिकी शल्यविशारदांनी आपल्याकडचे ७६५ रुग्ण तपासले. त्यांतल्या ५१ जणांचा पट्टा तुटलेला निघाला आणि ५१पैकी ४४ जणांना आधी स्टिरॉइड टोचलेलं होतं. एकाच दवाखान्यातली ही नोंद, तिच्यावरून शंभरांत कितीजणांचा तुटतो ते काढता येणार नाही, आणि मी काढतही नाही. पण रहाटाचा दोर तुटला की कमान खचते, भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर जातो आणि टाचेचं दुखणं गेलं तरी पाऊल दुखतच राहतं. मधुमेह्याच्या बाबतीत आणखी एक, या इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते. आमच्या गल्लीत साखर नसलेलं घर शोधावं लागेल. पत्रकात साखरेचा उल्लेख नव्हता.

आता कबुली. शिबिरानंतर पंधरा दिवसांनी मी इंजेक्शन घेतलं. ते कुठे घेतलं त्याला महत्त्व नाही. टोचताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण दोन दिवसांत टाच अशी झाली की जणू ती माझी नव्हतीच. दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांची पालखी निघाली तेव्हा मी अनवाणी चालले, गल्लीगल्लीतून, रात्री उशिरापर्यंत. तीन आठवडे सुखाचे गेले. दिवाळीच्या फराळाला उभी राहिले आणि टाच परत आली, या वेळी डावीलाही सोबत घेऊन. त्या चाचणीतल्या चार आठवड्यांशी माझी गोष्ट किती छान जुळते, नाही? तरी मी ती पुरावा म्हणून सांगत नाही. ती एकच कुंडी आहे. मी सातवीच्या पोरांना जो नियम लावला, तो स्वतःच्या टाचेलाही लावते.

शॉकवेव्हकडे वळू, कारण पत्रकातला तो जरा सन्माननीय पाहुणा आहे. २००० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टाचदुखीसाठी तिचं पहिलं यंत्र मंजूर केलं. २००२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १६६ जणांच्या चाचणीत खऱ्या आणि लुटुपुटीच्या लहरींत फरक दिसला नाही. २००३मध्ये जर्मनीत २७२ जण घेतले. बारा आठवड्यांनी खऱ्या लहरींच्या गटात शंभरातल्या ३४ जणांना गुण आला, लुटुपुटीच्या गटात ३० जणांना. मग २००८मध्ये वेगळ्या जातीच्या लहरी वापरून २४५ जणांवर प्रयोग झाला आणि निकाल फिरला: ६१ विरुद्ध ४२. यंत्र विकणारे यातला ६१ सांगतात, आणि तो आकडा खोटा नाही. मला ४२ जास्त बोलका वाटतो. सहा-सहा महिने टाच दुखत असलेली ही माणसं, इतर उपचार करून थकलेली. त्यांच्या टाचेवर यंत्र धरलं, आवाज केला, लहर पोचूच दिली नाही, आणि शंभरातल्या बेचाळिसांना तीन महिन्यांत गुण आला. दुसरी कुंडी, बिनखताची. शिबिरात उठून उभे राहिलेले ते दोघे या बेचाळिसांतले नव्हते हे कुणी कसं ठरवलं?

टाचदुखीचा स्वभावच तसा आहे. ती चिवट आहे, पण बहुतेकांची वर्षाच्या आत-बाहेर ओसरते. दहांतल्या आठ-नऊ जणांची, कसलाही छेद न घेता. आणि माणूस सुईकडे कधी जातो? दुखणं शिगेला पोचल्यावर. शिगेवरून पुढचा रस्ता बहुधा उताराचाच असतो. त्या वळणावर जो उभा असेल त्याच्या गळ्यात हार पडतो, मग तो डॉक्टर असो, बाबा असो की विटेवरचं रुईचं पान. माझ्या आईने गरम विटेवर रुईचं पान ठेवून आयुष्यभर शेजारणींच्या टाचा शेकल्या. तिचं यशाचं प्रमाण लुटुपुटीच्या लहरींच्या ४२ला सहज टक्कर देईल, आणि तिने कधी पत्रक छापलं नाही.

पीआरपीचं थोडक्यात. २०१९मध्ये नेदरलँड्समधल्या ११५ रुग्णांच्या चाचणीत ते वर्षअखेर स्टिरॉइडपेक्षा सरस ठरलं. पण तुलना कुणाशी? स्टिरॉइडशी, ज्याचा गुण दोन महिन्यांत विरतो. लंगड्या घोड्याला हरवलं म्हणून शर्यत जिंकली असं होत नाही. शेजारी मिठाच्या पाण्याची सुई ठेवून, मोठ्या संख्येने माणसं घेऊन जे दिसेल ते खरं. तोवर ‘आपल्याच रक्ताची ताकद’ हे वाक्य मला औषधापेक्षा पोवाड्याच्या जवळचं वाटतं.

आणि हे सगळं परदेशी, आधुनिक म्हणून मी त्यावर उठले आहे असं कुणाला वाटत असेल तर तेही मिटवते. सुश्रुतसंहितेत वाताच्या रोगांत ‘वातकंटक’ आहे, पाऊल वेडंवाकडं पडल्याने टाचेच्या भागात होणारं दुखणं. बघा, काटा तिथेही आलाच! आज कित्येक आयुर्वेदिक दवाखान्यांत तापलेल्या शलाकेने टाचेवर चटके देतात, त्याला अग्निकर्म म्हणतात. हासुद्धा बिनटाक्याचा, बिनभरतीचा उपचार. त्यालाही मी तोच प्रश्न विचारीन. जुना आहे म्हणून सूट नाही, देशी आहे म्हणून तर मुळीच नाही.

या सगळ्यावर मला खरं उत्तर दिलं ते कुठल्याही डॉक्टराने नाही, माझ्या धाकट्या भावाने. त्याचा हमरापुरात गणपतीचा छोटा कारखाना आहे. शेडखाली सिमेंटचा कोबा, त्यावर प्लास्टरची पांढरी धूळ, रांगेने मूर्ती, आणि मूर्ती असलेल्या जागेत चप्पल घालायची नाही हा वडलांपासूनचा शिरस्ता. तो नि त्याची माणसं दिवसाला दहा-बारा तास त्या कोब्यावर अनवाणी. त्याचीही टाच दुखते. मी त्याला दोन कुंड्यांची गोष्ट रंगवून सांगितली. तो डोळ्यांची आखणी करत होता, मान वर न करता म्हणाला, “ताई, तुझ्या त्या दुसऱ्या कुंडीला ऑर्डरी पुऱ्या करायच्या नसतात.”

मी गप्प झाले, कारण त्याचं बरोबर होतं. वर्षभरात आपोआप बरं होतं हे वाक्य पेन्शनवर बसलेल्या बाईला परवडतं. आषाढ-श्रावणात ज्याचं वर्षभराचं पोट उभं राहतं, त्याला एक वेदनामुक्त महिना ही फार मोठी गोष्ट आहे. चाचणीच्या कागदावर तो ‘फक्त चार आठवडे’ दिसतो. तेव्हा माझं म्हणणं मी तिथेच दुरुस्त केलं आणि ते दुरुस्त रूपच इथे मांडते. त्याने सुई घ्यावी की नाही हे मी ठरवणार नाही. पण त्याला विकला जाणारा माल महिन्याचा आहे, हे त्याला विकण्याआधी सांगितलं पाहिजे. महिना म्हणून घेतला तर तो व्यवहार झाला. जन्माचा म्हणून विकला तर त्याला आपल्या भाषेत वेगळा शब्द आहे. आणि दुसरी गोष्ट, दुखणं हा पट्ट्याचा पहारेकरी असतो. त्याला महिनाभर झोपवून त्याच कोब्यावर दहा-बारा तास उभं राहणं, आणि पुढच्या सीझनला पुन्हा, त्याच्या पुढच्या सीझनला पुन्हा, यात त्या तुटलेल्या एक्कावन्नांची वाट दिसते.

भावाशी बोलताना आणखी एक उमगलं. २००३मध्येच अमेरिकेत टाच दुखणारे पन्नास आणि न दुखणारे शंभर अशांची तुलना झाली होती. तीन गोष्टी ठळक निघाल्या: घोट्यातून पाऊल नडगीकडे नीट न वळणं, वजन फार असणं, आणि कामाचा बराच वेळ उभं असणं. पहिलीचा वाटा सर्वांत मोठा. या तिन्हींपैकी कशालाही सुई शिवत नाही. टाच बरी करून माणसाला आपण परत त्याच कोब्यावर पाठवतो. पूर्वी आमच्या घराला शेणाने सारवलेली जमीन होती, आता पेणपासून रोह्यापर्यंत ज्याच्या-त्याच्या घरात गुळगुळीत, दगडासारखी टाइल, आणि घरात चप्पल घालायची नाही हा नियम मात्र मातीच्या जमिनीच्या काळातला. धाटावच्या कारखान्यांतून सुटलेली पोरं दिवसभर पोलादी नाकाच्या जड बुटात आणि घरी आल्यावर अनवाणी टाइलवर. कोणत्याही शिबिरात जमिनीवर व्याख्यान झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता व्यायाम. इथे पत्रकवाले हसतात, “टॉवेल ताणून काटा जातो होय!” म्हणून मी त्यांच्या आधीच सांगून टाकते, व्यायामाचा पुरावासुद्धा डोंगराएवढा नाही. २००३च्या ज्या प्रसिद्ध चाचणीवर सगळे विसंबतात, तीत १०१ रुग्ण होते आणि तुलना दोन प्रकारच्या ताणांची होती. काहीच न करणारी कुंडी तिथेही नव्हती. सकाळी पाय जमिनीला लावायच्या आधी, बसल्या जागी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताने बोटं नडगीकडे ओढायची, दहा मोजायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पट्टा ताणणारा हा प्रकार पोटरीच्या नेहमीच्या ताणापेक्षा सरस निघाला. पुढे डेन्मार्कमध्ये ४८ जणांना नुसता ताण न देता भार दिला. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे रहाट आधीच गुंडाळलेला. मग तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. तीन महिन्यांनी हे लोक नुसतं ताणणाऱ्यांच्या पुढे होते. वर्षाने दोघे बरोबरीला आले.

पुरावा दोन्हीकडे मध्यमच असेल तर मी टॉवेलची बाजू का घ्यावी? कारण टॉवेलने पट्टा तुटल्याचं, चरबी विरल्याचं किंवा साखर चढल्याचं कुणी लिहिलेलं नाही, आणि चुकला तर दुसऱ्या दिवशी सोडून देता येतो. जे परत घेता येत नाही त्याच्याकडून जास्त पुरावा मागायचा, एवढंच माझं गणित. टॉवेलचा एकच मोठा दोष: तो विकता येत नाही. म्हणून त्याचं शिबिर भरत नाही.

नंतर एकदा एका निवृत्त अधिकाऱ्यांनी मला जरा चढ्या आवाजात विचारलं होतं, “म्हणजे मुंबईकरांनी पीआरपी घ्यायची आणि पेण-रोह्याच्या माणसाने टॉवेल ओढायचा? हा न्याय झाला?” प्रश्न झोंबणारा आहे, पण त्यातलं गृहीत चुकीचं आहे. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या २०१४च्या मार्गदर्शक तत्त्वांत आधी येतात ते ताणाचे व्यायाम, पायाला चिकटपट्टी, हाताने केलेले उपचार, रात्री पाऊल सरळ धरून ठेवणारी पट्टी. श्रीमंतांचा रस्ताही टॉवेलवरूनच जातो. आपल्याकडे दिवा-रोहा गाडीत बसून फक्त सुई येते. सुईच्या आधी विचारायचे प्रश्न पनवेललाच उतरतात. अन्याय असलाच तर तो इथे आहे की व्यायाम एकदा दाखवून सहा आठवड्यांनी “करता का? कसं करता? दाखवा बघू” असं विचारणारं माणूस आपल्याला मिळत नाही. रविवारी शिबिर येतं, रविवारीच जातं. सुईला एकच भेट पुरते, म्हणून ती शिबिरात शोभते. व्यायामाला चार भेटी लागतात.

सुईची जागा नाहीच असं मी म्हणत नाही, म्हणणारे माझ्या नावावर ते खपवतील म्हणून स्पष्ट लिहिते. सहा महिने, वर्ष मनापासून व्यायाम केला, पायाखालचं बदललं, वजनाकडे पाहिलं, तरी टाच टेकवत नाही, अशी माणसं असतात, दहांत एखाद-दुसरा. त्याला शॉकवेव्ह मिळाली पाहिजे, पीआरपी मिळाली तरी माझी हरकत नाही, आणि सगळं हरलं तर दुर्बिणीचा छेदही. १९९१मध्ये बॅरेट आणि डे यांनी तो मांडला; पट्ट्याचा काही भागच कापायचा, कारण जास्त कापला तर रहाट निकामी होतो. मात्र त्याआधी ते दुखणं पट्ट्याचंच आहे ना हे कुणीतरी हाताने चाचपून बघितलेलं असावं. टाचेत मुंग्या येत असतील, बधिर वाटत असेल तर शीर दबलेली असू शकते. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जीव कळवळत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. पंचविशीतल्या पोराच्या दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबरही धरते, तर सांध्यांच्या आजाराची शंका घ्यायला हवी. शिबिरात शे-सव्वाशे टाचा आल्या होत्या आणि सगळ्यांचं निदान एकच झालं: काटा.

माझी टाच? पडवीच्या पायरीवर टॉवेल घालून पाच महिने गेले. कंटाळवाणा प्रकार आहे, शेजारच्या पोरी हसतात. सकाळचं पहिलं पाऊल आता सोसवतं. एकच कुंडी, सोडून द्या.

भावाकडे परवा जाऊन आले. शेडमध्ये, तो उभा राहतो त्या जागी कोब्यावर जुन्या गोणपाटाच्या चार घड्या आणि वर रबराचा तुकडा पसरलेला होता. चप्पल घातली नाही, पण कोबाही राहिला नाही. त्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही. निघताना मात्र त्याने भिंतीवरचं कॅलेंडर ओढलं, चतुर्थीवर बोट ठेवलं आणि उलटे आठवडे मोजत गेला. “ताई, चार आठवडे म्हणालीस ना? मग आत्ता नको. आत्ता घेतलं तर रंगकामाच्या ऐन गर्दीत उतरेल.” आणि पेन्सिलीने एका तारखेला बारीकशी खूण केली.